बोहोलला बदली झालेल्या एल्डरला (तरुण मिशनऱ्याला)

फिलिपिन्समधल्या सेबू बेटाहून शेजारच्या बोहोल बेटावर बदली झाली म्हणून हिरमुसू नकोस. लॅटर-डे सेंट्स या ख्रिस्ती चर्चच्या मिशनमध्ये, म्हणजे धर्मप्रचाराच्या सेवेत, साधारण दर ६ आठवड्यांनी बदल्या निघतात, २ वर्षांत त्या कुणालाच चुकत नाहीत. निघण्याआधी एक काम मात्र मनापासून कर: ज्या घरांत जातोस त्यांच्या नोंदी नीट लिही. कुणाची आजी अंथरुणाला खिळली आहे, कोण रात्रपाळी करून दुपारी झोपतो, कोणत्या फाटकाशी कुत्रा मोकळा असतो, सगळं. मागून येणाऱ्याला नुसत्या नावांचा काय उपयोग? ज्यांना शिकवत होतास त्यांचा निरोप घरी जाऊन घे. मेसेजवर उरकलास तर त्यांच्या मनाला लागेल. बोटीत कागदपत्रं खांद्यावरच्या पिशवीतच ठेव. पहिला आठवडा तिथल्या नव्या जोडीदार मिशनऱ्याला पुढे चालू दे, गल्ल्या त्याला ठाऊक आहेत. आईला तूच फोन करून सांग. २०१९ पासून दर आठवड्याला घरी बोलायची मुभा आहे.