प्रांतानं बोलावलं, आता तोच प्रांत सोडला तर पीआर जाईल का?

हा प्रश्न विचारणारा माणूस आधी आवाज खाली करतो. मग म्हणतो, "ताई, आम्हाला सस्कॅचवाननं नॉमिनेट केलं होतं. आता ऑन्टॅरिओत गेलो तर चालेल का?" सस्कॅचवानच्या जागी कधी मॅनिटोबा असतो, कधी नोव्हा स्कोशिया. ऑन्टॅरिओ मात्र बहुतेक वेळा ऑन्टॅरिओच असतो.

मी कॅनडात परवानाधारक इमिग्रेशन सल्लागार म्हणून काम करते. वरची सगळी नावं कॅनडातल्या प्रांतांची. प्रांत आपल्याला हवा तो माणूस निवडून केंद्राकडे त्याचं नाव सुचवतो, ते नामांकन. आणि पीआर म्हणजे कायमचा रहिवासी म्हणून मिळणारा दर्जा. पुढची हकीकत एका जोडप्याची आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत आणि नावं देत नाही.

तो सांगलीकडचा, मेकॅनिकल इंजिनिअर, चाकणच्या कारखान्यात डिझाइनचं काम करायचा. शिक्षण आणि अनुभव बघून सस्कॅचवाननं त्याला नामांकन दिलं, तेही नोकरीची ऑफर हातात नसताना. एक्सप्रेस एंट्री म्हणजे केंद्राची गुणांवर माणसं निवडायची पद्धत. तिच्यात प्रांताच्या नामांकनाचे 600 गुण मिळतात. एवढे गुण पदरात पडले की केंद्राकडून पीआरच्या अर्जाचं बोलावणं जवळपास ठरलेलंच. बायको आणि सात वर्षांची मुलगी त्याच अर्जात होत्या. तिघं ऐन थंडीच्या तोंडावर सस्कॅचवानमधल्या सास्काटून शहरात आली. बायकोला दोन महिन्यांत डे-केअरमध्ये काम मिळालं, मुलगी शाळेत रुळली. हा मात्र एका गोदामात रात्रपाळीला खोकी उचलत होता आणि दिवसा झोप मोडून अर्ज पाठवत होता. डिझाइनची कामं तिथं नसतात असं नाही. शेतीची अवजारं आहेत, पोटॅशच्या खाणी आहेत. पण कंपन्या मोजक्या, आणि प्रत्येकीला 'कॅनडातला अनुभव' हवा. वसंतात त्याला ऑन्टॅरिओतल्या, टोरंटोशेजारच्या मिसिसागाच्या एका कंपनीनं होकार दिला, त्याच्याच कामाचा आणि गोदामापेक्षा बऱ्याच चांगल्या पगाराचा.

तिथून घरात गोंधळ सुरू झाला. त्याचा मावसभाऊ ऑस्ट्रेलियात असतो. तो म्हणाला, "वेडा आहेस का? तीन वर्षं हलायचं नाही, व्हिसा रद्द करतात." व्हॉट्सॲपवरच्या ग्रुपात कुणी दोन वर्षं सांगितली. दुसऱ्या कुणी चार्टरचा, म्हणजे कॅनडाच्या घटनेतल्या हक्कांच्या सनदेचा दाखला देत लिहिलं, "चार्टर आहे रे. पीआर झाला की कुठंही राहा. आम्ही तर सस्कॅचवान बघितलंसुद्धा नाही, थेट टोरंटो." सांगलीहून वडिलांनी वेगळाच मुद्दा काढला. ज्यांनी बोलावलं त्यांच्या खाल्ल्या मिठाला जागावं, वर्षाच्या आत पाठ फिरवणं शोभत नाही.

गंमत म्हणजे यात साफ खोटं कुणीच बोलत नव्हतं. मावसभाऊ 491 क्रमांकाच्या व्हिसावर गेलेला. तो व्हिसा नोव्हेंबर 2019 मध्ये सुरू झाला. मुळात तो पाच वर्षांचा तात्पुरता व्हिसा, आणि सिडनी, मेलबर्न, ब्रिस्बेन सोडून ठरवून दिलेल्या भागातच राहायचं, काम करायचं, शिकायचं ही अट थेट व्हिसावर लिहिलेली असते. अशी तीन वर्षं काढल्यावरच कायमच्या व्हिसासाठी अर्ज करता येतो. तिथं अट मोडली तर व्हिसा खरंच धोक्यात येतो. दोन वर्षांचा आकडाही बहुधा तिकडूनच आला असावा. ऑस्ट्रेलियाच्या 190 क्रमांकाच्या व्हिसात राज्यं उमेदवाराकडून साधारण दोन वर्षं राहण्याचा शब्द घेतात. पण तो शब्द राज्याला दिलेला असतो, व्हिसाची अट नसते. आपल्याकडे हे सगळे आकडे एकाच पिशवीत पडतात आणि कॅनडाच्या माणसाच्या हातात ऑस्ट्रेलियाचा नियम येतो.

कॅनडाचा हिशेब निराळा आहे. इथं प्रांताच्या नामांकनावर आलेला माणूस पहिल्या दिवसापासून कायमचा रहिवासी असतो, बाकीच्या कुठल्याही पीआरधारकासारखा. 1982 च्या चार्टरचं सहावं कलम प्रत्येक नागरिकाला आणि प्रत्येक कायमच्या रहिवाशाला कुठल्याही प्रांतात जाऊन राहण्याचा आणि पोट भरण्याचा हक्क देतं. नामांकनवाले त्यातून वगळलेले नाहीत. पीआर टिकवण्यासाठी पाच वर्षांत 730 दिवस कॅनडात काढावे लागतात, आणि ते सास्काटूनला काढले की मिसिसागाला याच्याशी कायद्याला देणंघेणं नाही. नागरिकत्वासाठी पाच वर्षांत 1,095 दिवस लागतात. तेही देशात, प्रांतात नव्हे. नामांकन देणारा प्रांत रागावला तरी पीआर काढून घेऊ शकत नाही. तो अधिकार त्याच्याकडे नाहीच.

म्हणजे ग्रुपातला चार्टरवाला बरोबर? अर्धाच. त्याचा दुसरा अर्धा ऐकूनच मला घाम फुटतो.

इमिग्रेशनच्या नियमावलीत प्रांतीय नामांकनाच्या वर्गासाठी एक अट आहे: नामांकन देणाऱ्या प्रांतात राहण्याचा अर्जदाराचा हेतू असला पाहिजे. ही अट पीआर मिळण्याच्या क्षणापर्यंत लागू असते. विमानतळावर अधिकारी विचारतो, "कुठं चाललात?" तेव्हाही ती पुरी व्हावी लागते. व्हिसा हातात पडल्यापासून देशात पाऊल टाकेपर्यंत परिस्थिती बदलली असेल तर ते स्वतःहून सांगणं बंधनकारक आहे. मनात टोरंटो ठेवून तोंडानं सास्काटून सांगितलं, तर त्याला इमिग्रेशन कायद्याच्या 40 व्या कलमाखाली चुकीची माहिती देणं म्हणतात. सिद्ध झालं तर पीआर जातो आणि पाच वर्षं परत येता येत नाही. पीआरधारकाला सुनावणी मिळते, अपीलही करता येतं, पण त्यात वर्षं आणि पैसा दोन्ही जातात. "आम्ही तर सस्कॅचवान बघितलंसुद्धा नाही" हे वाक्य ग्रुपावर फुशारकीनं लिहिणाऱ्यानं स्वतःविरुद्धचा कागद स्वतःच तयार करून ठेवलाय.

म्हणून "किती महिने राहू?" या प्रश्नाला माझ्याकडे आकडा नसतो. कायद्यात तो नाहीच. जो सल्लागार छातीठोकपणे "सहा महिने पुरे" म्हणतो, त्याला कलम विचारा. प्रश्न उतरण्याच्या दिवसाचा आहे: त्या दिवशी तुम्हाला तिथं खरंच राहायचं होतं का, आणि ते कशावरून म्हणायचं? थोड्या दिवसांत निघालात तर अधिकाऱ्याला शंका येऊ शकते, एवढाच महिन्यांचा संबंध.

मी त्याला सांगितलं, येण्याच्या आधीपासून काय काय केलंस ते सांग. त्यानं पुण्यात असतानाच सास्काटूनच्या कंपन्यांना अर्ज केलेले होते, त्यांच्या नकाराच्या मेल होत्या. घराचा वर्षाचा करार होता, मुलीचा शाळाप्रवेश होता, प्रांताचं आरोग्यकार्ड होतं, गोदामाच्या पगाराच्या चिठ्ठ्या होत्या. वेल्डिंग शॉपमध्ये ड्राफ्टिंगचं अर्धवेळ काम मिळतंय का म्हणून केलेली विचारपूससुद्धा होती. मिसिसागाच्या जाहिरातीला त्यानं पहिला अर्ज केला तो सास्काटूनला पोचून कित्येक महिने झाल्यावर. मी म्हटलं, "हे सगळं एका फोल्डरमध्ये ठेव आणि नोकरीला जा. कुणाची परवानगी लागत नाही."

त्यानं सुस्कारा सोडला. बायको मात्र गप्प.

थोड्या वेळानं ती म्हणाली, "म्हणजे कायद्यानं जाता येतं. पण ताई, जायलाच पाहिजे का?"

इथं खरी बैठक सुरू झाली. इतके दिवस ती मावसभावाच्या तीन वर्षांचा आधार घेऊन बोलत होती. "मला जायचं नाही" म्हणायच्या ऐवजी "जाता येत नाही" म्हणणं सोपं होतं. आणि तो "मला इथं राहायची लाज वाटते, चाकणला माझ्या हाताखाली माणसं होती" असं न म्हणता चार्टरचं कलम दाखवत होता. नवरा-बायकोच्या भांडणात कायदा असा साक्षीदार म्हणून ओढला जातो हे मी खूप पाहिलंय. तिचं म्हणणं बिनबुडाचं नव्हतं. डे-केअरमध्ये तिला पुढच्या पातळीचं प्रमाणपत्र मिळणार होतं. मिसिसागात तसंच दोन खोल्यांचं घर घ्यायचं तर भाडं कितीतरी जास्त. त्याच्या वाढीव पगारातला मोठा वाटा तिकडेच जाणार होता. मुलीला मैत्रिणी झाल्या होत्या. मी दोघांना कागदावर महिन्याचा जमाखर्च मांडायला लावला, दोन्ही शहरांचा. फरक उरला, पण त्याला वाटला होता तेवढा नाही.

शेवटी ठरलं असं: त्यानं आधी एकट्यानं जायचं आणि जूनअखेर शाळेचं वर्ष संपल्यावर मायलेकींनी यायचं. तिची अट होती, दोन वर्षांत जम बसला नाही तर परत सास्काटून. ही अट कुठल्याही नियमावलीत नाही, पण मला ती सगळ्यांत पक्की वाटली.

जाण्याच्या बाजूचं कामही थोडं सांगते, कारण भीती गेली की लोक तेच विसरतात. नव्या प्रांतात आरोग्यविमा सुरू व्हायला जास्तीत जास्त तीन महिने लागू शकतात, तोवर जुना प्रांत जबाबदार असतो. निघायच्या आधी त्यांना कळवायचं. ड्रायव्हिंग लायसन्स मुदतीत बदलायचं. प्राप्तिकराचं विवरण त्या प्रांताचं भरायचं जिथं तुम्ही 31 डिसेंबरला राहात होता. नोकरी वर्षभर कुठं केली ते नव्हे. आणि पीआर कार्डाचं नूतनीकरण असो की नागरिकत्व, अर्जात मागचे सगळे पत्ते विचारतात. तिथं सास्काटूनचे महिने ताणून लांबवू नका. जो पत्ता खरा तो लिहा. जाण्यात काही चूक नसताना पत्ता खोटा लिहून चूक तयार करणारे लोक मी बघितलेत.

वडिलांच्या मिठाचं काय? मी त्याला म्हटलं, प्रांताला माणसं जातात हे ठाऊक आहे. 1998 मध्ये मॅनिटोबानं हा मार्ग सुरू केला तो टोरंटो, व्हँकुव्हर, मॉन्ट्रियलकडे जाणारी माणसं थोडी आपल्याकडे वळावीत म्हणून. पुष्कळ जण राहतात, काही जातात. प्रिन्स एडवर्ड आयलंडसारख्या छोट्या प्रांतातून तर फार जातात. त्या बेटानं उद्योजकांकडून ठेव घेऊन आधीच नामांकन द्यायची पद्धत 2018 मध्ये बंद केली, कारण कित्येक जण ठेवीवर पाणी सोडून निघून जायचे. आता बहुतेक प्रांत उद्योजकाला आधी वर्क परमिटवर आणतात, धंदा चालवून दाखवला की मग नामांकन. माणूस टिकवायचा असेल तर त्याच्या शिक्षणाला साजेसं काम तिथं मिळालं पाहिजे, हे माझं मत मी दर वेळी सांगते. गोदामात रात्रपाळी करणाऱ्या इंजिनिअरकडून निष्ठेची अपेक्षा करणं मला पटत नाही.

मिसिसागात घर लागल्यावर त्यानं परत फोन केला, या वेळी धाकट्या भावासाठी. भाऊ पुण्यात. त्यालाही सस्कॅचवानचंच नामांकन, केंद्राकडची फाइल शेवटच्या टप्प्यात. "तो सरळ माझ्याकडेच उतरेल म्हणतोय, ताई. तुम्हीच म्हणालात ना, परवानगी लागत नाही?"

त्याला माझं उत्तर बरोबर उलटं होतं. तुझा पीआर झालेला होता, त्याचा व्हायचाय. तू राहायला गेलास आणि जमलं नाही. तो न जाण्याचं आधीच ठरवतोय. विमान टोरंटोला उतरलं तर हरकत नाही, पुष्कळांचं तसंच उतरतं, आणि कागदांवर शिक्का तिथंच बसतो. पण त्या खिडकीशी उभं राहून त्याला खरं उत्तर देता आलं पाहिजे. पुढचं सास्काटूनचं तिकीट नुसतं दाखवायला काढलेलं असेल तर ते तिकीटच त्याच्या अंगाशी येईल. खरोखर ऑन्टॅरिओलाच यायचं असेल तर आत्ता, व्हिसा येण्याआधी, प्रांताला कळवावं. नामांकन जाईल, 600 गुण जातील, पण नाव काळ्या यादीत जाणार नाही.

मी भावाशी थेट बोलले. पोरगं हुशार. आधी पंधरा मिनिटं वाद घातला, मग विचारलं, "तिथं माझ्या लाइनचं काम असतं तरी का?" तो सीएनसी मशीनवर काम करणारा, भावापेक्षा त्याला वाव जास्त. अवजारं बनवणारे कारखाने कुठं आहेत ते मी सांगितलं आणि भावाच्या जुन्या घरमालकाचा नंबर भावाकडूनच घ्यायला लावला. आता त्याचे अर्ज चालू आहेत. मागच्या आठवड्यात त्याचा मेसेज आला, थंडीचं जॅकेट पुण्यात घेऊ की तिकडे? तिकडेच घे, म्हटलं. पुण्यातलं जॅकेट उणे तीसला काही कामाचं नाही.