पाचक सिरपमधील पेप्सिन प्राणिजन्य असते का, आणि चीजचे काय?

आपला प्रश्न असा आहे की, घरात सगळे शाकाहारी असताना जेवणानंतर घेतले जाणारे पाचक सिरप आणि मुलांच्या सँडविचमधील चीज यांत जनावराच्या पोटातले काही असते का, आणि त्या सिरपाचा खरोखर उपयोग होतो का. बडोद्यातील एका औषध कारखान्याच्या तपासणी प्रयोगशाळेत मी बरीच वर्षे काम केले आहे, त्या आधारे उत्तर देतो.

लेबलावर पेप्सिन, म्हणजे जठरात प्रथिने पचवणारे विकर (एन्झाइम), लिहिलेले असेल, तर ते प्राणिजन्यच समजावे. ते मुख्यतः डुकराच्या जठराच्या अस्तरापासून काढतात. त्याच्याच जोडीला बहुधा असणारे फंगल डायास्टेज, म्हणजे पिष्ट पचवणारे विकर, मात्र बुरशीपासून मिळते. औषध म्हणून विकल्या जाणाऱ्या बाटलीवर खाद्यपदार्थांसारखा हिरवा ठिपका असेलच असे नाही, म्हणून दुकानदाराच्या शब्दावर न जाता घटकांची यादी वाचावी.

चीजची गोष्ट निराळी आहे. दूध पिणाऱ्या वासराच्या चौथ्या जठरात कायमोसिन नावाचे विकर असते. ते दुधातील कॅपा-केसिन हे प्रथिन एका ठरावीक जागी तोडते आणि दूध घट्ट विरजते. हे विकर असलेल्या, दूध विरजवणाऱ्या जठराच्या अर्काला रेनेट म्हणतात, आणि युरोपात शतकानुशतके याच रेनेटवर चीज झाले. भारतातील अन्नसुरक्षा नियमांच्या व्याख्येतच मात्र प्राणिजन्य नसलेले रेनेट सांगितले आहे, त्यामुळे इथल्या हिरव्या ठिपक्याच्या चीजबद्दल शंका नको. अमेरिकेत १९९० साली सूक्ष्मजीवांकडून तयार करून घेतलेल्या कायमोसिनला मान्यता मिळाली. परदेशी चीज घेताना वेष्टन तपासावे. पनीर तर लिंबाने किंवा अन्य आम्लानेच फाडतात.

आता उपयोगाचे. १८३६ साली थिओडोर श्वान यांनी जठररसातून पेप्सिन वेगळे ओळखले, आणि त्यातले मर्म आजही तीन परीक्षानळ्यांत दिसते. उकडलेल्या अंड्याच्या पांढऱ्या बलकाचे तुकडे एकीत नुसत्या विरल हायड्रोक्लोरिक आम्लात, दुसरीत नुसत्या पेप्सिनच्या पाण्यात आणि तिसरीत दोन्हींत घालून शरीराच्या तापमानाला ठेवले, तर पहिल्या दोन नळ्यांतले तुकडे जवळजवळ तसेच राहतात; तिसरीतल्या तुकड्यांच्या कडा आधी काचेसारख्या पारदर्शक होतात, कोपरे झिजतात आणि हळूहळू तुकडाच नाहीसा होतो. पुढे जॉन नॉर्थ्रॉप यांनी १९३० मध्ये पेप्सिनचे स्फटिक मिळवून विकर हे प्रथिनच असते या मताला बळ दिले, आणि १९४६ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता.

म्हणजे पेप्सिनला आम्ल लागते. अ‍ॅसिडिटीची गोळी आणि पेप्सिनचे सिरप एकाच जेवणावर घेणारे लोक मी पाहिले आहेत. एकाने दुसऱ्याचे काम थांबवायचे, असा तो प्रकार आहे. शिवाय पेप्सिन फक्त प्रथिने तोडते. शेव-उसळ खाऊन पोट फुगते ते वाटाण्यातील न पचलेल्या शर्करा मोठ्या आतड्यातील जीवाणू आंबवतात म्हणून. तिथे पेप्सिन काय करणार? निरोगी जठर स्वतःच पुरेसे पेप्सिन तयार करते, त्यामुळे नेहमीच्या गॅससाठी ही बाटली घेण्याचे मला कारण दिसत नाही.

स्वादुपिंडाच्या आजारात दिले जाणारे पॅन्क्रिआटिन, म्हणजे स्वादुपिंडातील पाचक विकरांचे मिश्रण, मात्र खरोखर गरजेचे औषध आहे. तेही डुकरापासूनच मिळते, आणि जठरातल्या आम्लाने निकामी होऊ नये म्हणून त्यावर आवरण चढवतात. घरातील कोणाला ते लिहून दिले असेल, तर ते परस्पर बंद न करता शाकाहाराचा मुद्दा डॉक्टरांपुढेच स्पष्ट मांडावा.