‘आमचं ठरलंय’, पण कुणाचं?

चिरंजीव, अनेक आशीर्वाद.

घरचे एका गटाचे, तालमीतली पोरं दुसऱ्या गटाची, मग माझं मत कुठलं, असं विचारलंयस. आधी एवढं मान्य कर की बहुतेकांचं मत वाचून-बिचून होत नाही. ते घरातून, कट्ट्यावरून, दूध घालतो त्या डेअरीतून येतं. अमेरिकेत १९४० च्या अध्यक्षीय निवडणुकीत समाजशास्त्रज्ञ पॉल लाझार्सफेल्ड आणि सहकाऱ्यांनी ओहायोतल्या एरी परगण्यातल्या त्याच त्या मतदारांना कित्येक महिने पुन्हा पुन्हा गाठलं. रेडिओ-वर्तमानपत्रांच्या प्रचारानं बाजू बदललेले थोडेच निघाले. ओळखीच्या माणसाचा शब्द जास्त चालला. आपल्याला हे सांगायला ओहायो कशाला हवं म्हणा! २०१९ च्या लोकसभेला आपल्या कोल्हापुरात ‘आमचं ठरलंय’ म्हणत काँग्रेसचा गट आघाडीतल्याच राष्ट्रवादीच्या उमेदवाराविरुद्ध उभा राहिला. २०२१ ला ‘गोकुळ’ दूध संघाच्या निवडणुकीत काँग्रेसचेच नेते समोरासमोरच्या पॅनेलांत होते. आपल्याकडं पक्ष बदलतो, गट राहतो.

म्हणून गट सोड, असं मी सांगणार नाही. ऊसतोड वेळेवर येणं, सोसायटीचं कर्ज मिळणं गटावर अवलंबून असतं, आणि ती गरज खोटी नाही. पण एक प्रश्न तरी असा धर की ज्याचा कागद तुझ्या घरातच आहे.

ऊसबिल काढ. २०२४-२५ च्या हंगामाची एफआरपी (कारखान्यानं उसाला द्यायचाच असा सरकारी किमान दर) १०.२५ टक्के उताऱ्याला, म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेच्या प्रमाणाला, क्विंटलला ३४० रुपये होती, म्हणजे टनाला ३,४००. उतारा जास्त तर दर जास्त; त्यातून तोडणी-वाहतूक वजा. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार पैसे १४ दिवसांत द्यायचे, उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के व्याज. आता वडिलांच्या बिलावर दर, कपात आणि बँकेत जमा झाल्याची तारीख बघ. उशीर असेल तर व्याज आलं का, तेही बघ. मग स्वतःलाच विचार: आपल्या गटाच्या कारखान्यानं केलेला उशीर ‘अडचण’ वाटतो आणि समोरच्याचा ‘लूट’, असं तर होत नाही ना? माझ्या मते सगळी मेख इथंच आहे.

कोल्हापूर शहरातल्या रस्त्यांवरच्या टोलविरोधी आंदोलनाच्या वेळी ही मेख आड आली नाही. एन. डी. पाटील आणि गोविंद पानसरे यांच्यामागं सगळ्या पक्षांचं कोल्हापूर रस्त्यावर उतरलं आणि २०१५ च्या अखेरीस टोल रद्द झाला. आपल्याच गावात फिरायला नाक्यावर हातानं पैसे मोजायचे, ते कुणालाही कळतं. बिलातली कपात खिशाला न शिवता परस्पर होते, त्यामुळं तिच्यावर मत बनवायला कष्ट पडतात.

व्हॉट्सॲपचं म्हणशील, तर आलेला मेसेज पुढं ढकलण्याआधी समोरच्या गटातल्या एखाद्या शहाण्या माणसाला दाखवत जा.

रविवारी येशील तेव्हा दोन हंगामांची बिलं घेऊन ये. वडिलांना सांगून आण, गुपचूप नको. नाहीतर तुझ्या घरी माझ्या नावानं शिमगा व्हायचा.