आजी तासगावला गेली नव्हती

“माझी मुलगी नऊ वर्षांची आहे. रोआल्ड डालचं चेटकिणींचं पुस्तक तिने महिन्याभरात चारदा वाचलं. त्यात मुलाचे आईवडील मरतात, मुलाचा उंदीर होतो, आणि ही खो खो हसते. रात्री सासूबाईंना मराठीत सांगत बसते, त्यासुद्धा हसतात. परवा जेवताना तिने त्यांना सरळ विचारलं, ‘आजी, तू अजून किती वर्षं जगशील?’ मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पुस्तक कपाटात ठेवून कुलूप लावलंय. एका पानाचा कोपरा तर दुमडून दुमडून तुटलाय, आणि त्या पानावर चेटकीणही नाही, आजी आजारी पडते एवढंच आहे. दिवाळीत सासूबाईंची बायपास झाली तेव्हा आजी तासगावला गेलीय असं सांगून आम्ही हिला जपलं, आणि ही असलं वाचते! एखादं हलकंफुलकं, संस्कारक्षम पुस्तक सुचवाल का?”
एक आई, विश्रामबाग, सांगली

ताई,

दुसरं पुस्तक मी सुचवणार नाही. तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा ‘तासगाव’ या शब्दापाशी थांबले. पत्रभर पुस्तकाची तक्रार, आणि घरातलं एवढं मोठं ऑपरेशन अर्ध्या वाक्यात उरकलंत.

कोपरा तुटलेलं ते पान मला माहीत आहे. गोष्टीतल्या आजीला न्यूमोनिया होतो. डॉक्टर त्या लहान मुलाला समोर उभं करून सांगतात की एरवी या दुखण्याला आता औषध आहे, पण ऐंशीच्या पुढच्या माणसाला धोका फार. आत ऑक्सिजनच्या नळ्या जातात, भीती वाटेल असलं काय काय जातं, आणि मुलगा दाराबाहेर घुटमळत राहतो. आत जाऊ देत नाहीत त्याला, पण दाराआड काय चाललंय ते त्याला माहीत असतं. तुमच्या मुलीला तेवढंही मिळालं नाही.

तिच्या जागी बसून बघा. ऐन दिवाळीत आजी तिला न घेता माहेरी जाते. तिकडून तिचा फोन येत नाही. परत येते ती बेदाण्याची पिशवी न आणता गोळ्यांचा डबा घेऊन, आणि छातीवर उभा व्रण. जिना चढत नाही. वर कुणी एक शब्द बोलत नाही. नऊ वर्षांच्या मुलीला तासगाव किती लांब आहे हे कळतं हो. तुम्ही तिला जपलं नाहीत, तिला त्या भीतीत एकटं सोडलंत. हे मी रागावून लिहिते आहे आणि राग लपवत नाही.

हा लेखक असं का लिहितो तेही ऐका. १९२० साली, तो तीन वर्षांचा असताना, त्याची सात वर्षांची बहीण अपेंडिक्सच्या दुखण्याने गेली आणि काही आठवड्यांत वडील न्यूमोनियाने गेले. पुढे १९६२ साली त्याची स्वतःची मुलगी गोवराने गेली, तीही सातच वर्षांची. १९८३ साली त्याचं हे पुस्तक आलं आणि त्यातल्या म्हातारीला त्याने न्यूमोनिया दिला. मुलं कशाला घाबरतात हे त्याला कुणी शिकवायला नको होतं. म्हणून तो वाईटात वाईट गोष्ट सुरुवातीलाच सांगून टाकतो, आईवडील गेले म्हणजे गेले, आणि मग मुलाचा हात एका चिरूट ओढणाऱ्या, अंगठा नसलेल्या आजीच्या हातात देतो. अंगठा कसा गेला तेवढं सोडलं, तर ही आजी नातवापासून काही लपवत नाही. तिथून पुढे चेटकिणींचे टोप, त्यांचे बिनबोटांचे पाय, आचाऱ्याच्या सुरीने तुटलेली उंदराची शेपटी, सगळ्याचं हसू येतं. १९९० साली हा माणूस वारला, तरी तुमच्या घरात रात्री त्याच्या पुस्तकावर हसणं चालतं ते त्यामुळे. आपली भोपळ्यातली म्हातारी आठवा. वाघाला सांगते, लेकीकडे जाऊन जाडजूड होऊन येते, मग खा. तेव्हा तुम्हीही हसलाच असाल.

आता त्या प्रश्नाबद्दल, ज्याने तुम्हाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पुस्तकाच्या शेवटी मुलगा उंदीरच राहतो. तो आजीला विचारतो, मी किती जगेन? ती म्हणते, साधारण नऊ वर्षं. ती शहाऐंशीची. मुलाला ते ऐकून बरं वाटतं, कारण तिच्यामागे त्याला उरायचंच नाही. तुमच्या लेकीने तिथला प्रश्न उचलला आणि ज्या माणसाला विचारायचा त्यालाच विचारला. सासूबाई काय म्हणाल्या ते तुम्ही लिहिलंच नाहीत. बहुधा तुम्ही त्यांना बोलूच दिलं नसेल. इंग्रजी येत नसताना ज्या बाई नातीच्या तोंडून रोज रात्री हे ऐकतात आणि हसतात, त्यांना त्या प्रश्नाची भीती वाटत असेल असं मला वाटत नाही. त्यांचं हसणं तुम्ही तक्रारीत घातलंत. मला तर त्या बाईंना भेटावंसं वाटलं.

आज रात्री दोघी बसल्या की तुम्हीही तिथे बसा आणि सांगा: “आजी तासगावला गेली नव्हती. दवाखान्यात होती. तिच्या हृदयाचं ऑपरेशन झालं. आम्ही तुझ्याशी खोटं बोललो.” शेवटचं वाक्य गाळू नका. मग कुलूप काढा आणि पुस्तक सासूबाईंच्या हातात द्या, नातीला त्या देतील. ती तो प्रश्न पुन्हा विचारेल. या वेळी मध्ये बोलू नका, उत्तर त्यांना देऊ द्या. आणि तिने व्रण बघायला मागितला, तर त्या पदर बाजूला करतील तेव्हा उठून स्वयंपाकघरात जाऊ नका.