बाप नाही म्हणून घुमा झालाय का?

"मॅडम, बाप नसला की पोरं अशीच घुमी होतात का हो?" खुर्चीत नीट बसायच्या आधीच ताईंनी विचारलं. एकट्याने मूल वाढवणाऱ्या आया हे विचारतात, वडीलही विचारतात. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.)

ताई एसटीत कंडक्टर. नवरा ड्रायव्हर होता, तो गेल्यावर अनुकंपावर नोकरी लागली. मुलगा दहावीत. उलट उत्तर नाही, अभ्यास बरा. पण मित्र तुटले, मैदान सुटलं. शेजारणीने निदानही करून टाकलं होतं: बापाचा धाक नाही.

दुसऱ्या भेटीत तो एकटा आला. संध्याकाळी काय करतोस, एवढंच विचारलं, तर दप्तरातून वही काढली. आईच्या महिन्याभराच्या ड्यूट्या. मुक्कामी गाडीच्या तारखांना लाल गोल, शेजारी कुठल्या गावात रेंज असते आणि कुठे त्यासाठी शाळेच्या पायऱ्यांवर जाऊन उभं राहावं लागतं, तेही. "आईचा फोन येईपर्यंत बाहेर कसा जाऊ?" पतसंस्थेचे किती हप्ते राहिलेत, तेही त्याला तोंडपाठ.

"रात्री सगळं त्यालाच सांगते," ताई म्हणाल्या. "घरात दुसरं आहे कोण? फार समजूतदार आहे माझा."

हा 'समजूतदार' शब्द ऐकला की माझ्या पोटात कालवतं. बिघडलेलं पोर सगळ्यांना दिसतं. वेळेआधी मोठं झालेलं कुणालाच दिसत नाही, वर त्याचं कौतुक होतं. कौटुंबिक उपचारपद्धतीतले साल्वादोर मिनुचिन यांनी १९७४ मध्येच हे मांडलं होतं. घरची जबाबदारी मुलावर पडणं वाईट नाही, पण ती नेमकी किती आणि कुठवर, हे ठरलेलं हवं. या मुलाच्या बाबतीत ते कुणी ठरवलंच नव्हतं.

शेजारणीच्या निदानाचंही बोलू. अमेरिकेत मेव्हिस हेदरिंग्टन यांनी घटस्फोटित घरांतल्या मुलांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. त्यातल्या २० ते २५ टक्के मुलांत गंभीर अडचणी दिसल्या. आईवडील एकत्र असलेल्या घरांत सुमारे १० टक्के. जोखीम वाढते, हे मी लपवत नाही. पण शंभरातली निदान पंच्याहत्तर मुलं सावरतात, हेही त्याच अभ्यासातलं. ताईंचं दुःख वेगळं, वैधव्याचं. तरी हा आकडा मी त्यांना सांगितला, कारण त्या रोज रात्री स्वतःला दोष देत झोपत होत्या.

ठरलं ते साधंच. हप्त्याचं बोलणं बहिणीशी. मुलाकडे दूध आणणं आणि कुकर लावणं, बस्स. मुक्कामाला रात्री मावशी सोबतीला. आणि ती वही ताईंनी मागून घ्यायची, "आता हे मी बघते" असं तोंडाने म्हणून. याला पंधरा दिवस लागले. तो वही देईना, आणि खरं तर ताईंनाही ती घ्यायचा धीर होईना.

तिसऱ्या महिन्यात ताई डोळे पुसत आल्या. "मुक्कामाहून आठला फोन केला, उचललाच नाही. साडेनऊला आला. धापा टाकत होता, म्हणे कबड्डी खेळत होतो."

"मग तुम्ही काय केलंत?"

"काय करणार? डबा खाल्ला," त्या म्हणाल्या, "आणि झोपले."