उद्घाटन तोंडावर आणि गॅलरी म्हणते लांबून बघा: माझा अनुभव

तुमची पोस्ट वाचली आणि जुनं दुखणं वर आलं. तुमची कलाकृती म्हणजे लोकांनी वर उभं राहून आपल्या वजनाने फिरवायची लाकडी चकती, आणि उद्घाटन तोंडावर आल्यावर गॅलरी म्हणते "फक्त लांबून बघू दे". मग चकती कशाला, भिंतीवर तिचा फोटोच लावायचा ना! माझं काम फळ्यांचं होतं, पाय ठेवला की फळी जराशी कलायची आणि खालून आवाज यायचा, त्यालाही लोकांना लांब ठेवणारी अशीच दोरी लागली होती म्हणून लिहितोय. मी इंजिनिअर नाही, वकील तर नाहीच, तेव्हा हे एका कलाकाराचं मत धरा.

रिस्क असेसमेंट, विमा, वायरिंगचं सर्टिफिकेट हे तुम्ही केलंच असणार, त्यात जात नाही.

मला खरं नडलं ते त्या जागेचं सेफ्टी ऑफिस. ते कधी "नाही" म्हणालेच नाहीत हो. म्हणाले असते तर निदान भांडता तरी आलं असतं. फॉर्म परत यायचा, शेरा एकच, "अधिक तपशील द्यावा". कशाचा तपशील? माणूस पडेल याचा, बोट अडकेल याचा, का फळी मोडेल याचा? फोन केला तर साहेब मीटिंगमध्ये, मेल केला तर तोच कोरा फॉर्म पुन्हा, आणि मी आपला दरवेळी आणखी पानं जोडतोय. शेवटी उद्घाटनाच्या सकाळी जाऊन बघतो तर लाल दोरी आणि "चढू नये" ची पाटी, आणि ती पाटीसुद्धा माझ्या पॉलिश केलेल्या फळीलाच स्क्रू मारून बसवलेली. लोक आले, फोटो काढले, गेले, दिवसभरात एक आवाज झाला नाही. माझं ठाम मत आहे की अशा ऑफिसांना धोक्याची भीती कमी आणि सहीची जास्त असते.

तरी सगळ्याच नियमांना शिव्या घालू नका. २००६ मध्ये इंग्लंडमध्ये कलाकार मॉरिस एजिस यांचं 'ड्रीमस्पेस' हे हवेने फुगवलेलं प्रचंड काम दोर तुटून आत माणसं असताना उचललं गेलं, दोन बायका मेल्या. त्यापुढे माझी फळी काय घेऊन बसलात. आणि २०१० मध्ये लंडनच्या टेट मॉडर्न या कला-संग्रहालयात चिनी कलाकार आय वेवे यांच्या चिनी मातीच्या सुमारे १० कोटी सूर्यफूल-बियांवर लोकांना चालायला दिलं होतं, ते दोन-तीन दिवसांतच बंद केलं, कारण चालण्याने बारीक धूळ उडत होती. लोक हळहळले, मीही हळहळलो असतो, पण तिथे निदान कारण सांगितलं: धूळ. नाव घेतलेल्या धोक्यावर काहीतरी करता येतं, "सुरक्षेच्या कारणास्तव" वर काहीच करता येत नाही.

म्हणून आजच लेखी तीन गोष्टी विचारा: नेमका धोका कोणता, त्याने कोणाला कशी इजा होईल, आणि काय बदललं की तुम्ही सही कराल. तिसरा प्रश्न गाळू नका, मेल जातो कुठे तेही बघा, गॅलरीच्या वरच्या माणसाला सीसीमध्ये ठेवाच. बंद झालेलं कामही पुन्हा उघडता येतं: कलाकार रॉबर्ट मॉरिस यांच्या फळ्या, उतार, दोर असल्या कामावर १९७१ मध्ये लंडनच्याच टेट गॅलरीत लोक इतके चेकाळले की काही दिवसांतच ते बंद करावं लागलं, पण तेच काम २००९ मध्ये टेट मॉडर्नमध्ये नव्याने बांधून उघडलं.

चकतीबद्दल माझा अंदाज: त्यांना कडेच्या फटीची धास्ती असणार. बागेतल्या झोपाळे-घसरगुंड्यांसारख्या मुलांच्या खेळण्यांसाठी युरोपात ईएन ११७६ हे स्टँडर्ड आहे, त्यात ८ ते २५ मिलिमीटरची फट बोट अडकण्याच्या दृष्टीने वाईट धरतात. तुमचं काम खेळणं नाही हे मान्य, तो नियम तुम्हाला लागू होतोच असं मी म्हणत नाही, पण त्या भाषेत बोललं की समोरचा ऐकतो. फट मोजा, ८ पेक्षा कमी करा, चकतीखाली ब्रेक बसवा म्हणजे ठरावीक वेगापुढे ती जाणारच नाही, एका वेळी एकच माणूस, आणि बाजूला कोणीतरी सतत उभं. २००६ मध्येच टेट मॉडर्नमध्ये कलाकार कार्स्टन हॉलर यांच्या पाच घसरगुंड्या बसवल्या होत्या, त्यातून लोक खुशाल घसरत होते, म्हणजे मोठ्या जागांनाही जमतं, मनात असलं तर.

"स्वतःच्या जबाबदारीवर" असली पाटी लावून सुटू असं कोणी सुचवलं तर ऐकू नका. पोर्तुगालमध्ये पोर्तोच्या एका म्युझियममध्ये २०१८ मध्ये शिल्पकार अनिश कपूर यांच्या काळ्या खड्ड्याच्या कलाकृतीत एक जण खरंच पडला, खड्डा साधारण अडीच मीटर खोल, आणि सूचना लावलेल्या होत्या तरी. माणूस पाटी वाचत नाही, कलाकृती बघतो.

जाता जाता, मोजे घालून कोणाला चकतीवर चढू देऊ नका, पॉलिशवर सटकतात, एकतर अनवाणी नाहीतर रबरी सोल. आणि चकतीवर फ्लॅशिंग लाइट टाकणार असाल तर सेकंदाला ३ पेक्षा जास्त झगमगाट नको, फिट येणाऱ्यांना त्रास होतो. फॉर्ममधल्या 'धोका' या रकान्यात तुम्ही आणि त्यांनी नेमकं काय लिहिलंय ते नावं झाकून टाका इथे, म्हणजे नीट सांगता येईल.