३ आणि ४ न्यूटनच्या दोन बलांची बेरीज ७ का येत नाही? अकरावीचं गणित अडलंय, दोन्हींमध्ये ६०° कोन आहे.

७ फक्त दोन्ही बलं एकाच दिशेला असतील तेव्हाच येतं. तुमच्या गणिताचं उत्तर √३७, म्हणजे सुमारे ६.१ न्यूटन. पुण्यात लक्ष्मी रोडने ४०० मीटर जाऊन बाजीराव रोडला काटकोनात वळलात आणि ३०० मीटर गेलात, तर रिक्षाचं मीटर ७०० मोजेल, पण विस्थापन, म्हणजे निघालात तिथून पोहोचलात तिथपर्यंतचं सरळ अंतर, ५००च. सदिशात, म्हणजे बलासारख्या दिशा असलेल्या राशीत, दिशाही मोजावी लागते.

समांतरभुज चौकोनाचं सूत्र पाठ करण्यापेक्षा घटक पाडा, म्हणजे बलाचे क्ष आणि य दिशेचे भाग करा. ४ चं बल क्ष-अक्षावर ठेवा. ३ चे घटक: क्ष वर ३ कॉस ६०° = १.५, य वर ३ साइन ६०° = २.६. एकूण क्ष ५.५, य २.६, वर्गांची बेरीज ३७. दिशा टॅन व्यस्त (२.६/५.५), म्हणजे ४ च्या बलापासून साधारण २५°.

क्लासमध्ये पेपर तपासताना मला एक चूक हमखास दिसते: कोन य-अक्षापासून दिलेला असला तरी क्ष ला कॉसच लावतात. तिथे साइन येतं. आणि क्ष घटक ऋण आला तर कॅल्क्युलेटरच्या कोनात १८०° मिळवा, नाहीतर बाण बरोबर उलटा निघतो.